हायड्रोपोनिक चारा: सोलापूरच्या दुष्काळात परवडतो का?

सांगोलेकर: चार पंढरपुरी म्हशी, दोन गायी. 2019 ला जनावरं छावणीत बांधली होती, ती वेळ पुन्हा नको म्हणून शेडनेटमध्ये हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यावर उगवणाऱ्या चाऱ्याची मांडणी केली. मका रात्रभर भिजवायचा, दिवसभर ओल्या गोणपाटात मोड आणायचे, मग ट्रेमध्ये पसरून फॉगरने पाण्याचं धुकं मारायचं. आठव्या दिवशी वीतभर हिरवंगार, किलोभर मक्याला सहा-सात किलो चारा. किलोभर चाऱ्याला पाणी दोन-तीन लिटर. बोअर आटल्यावर नेपियर गवत कशावर जगवायचं? माझ्या मते दर गोठ्यात हे हवंच.

मंगळवेढ्याचा शेतकरी: दादा, सहा-सात किलोत पाणीच जास्त. त्या चाऱ्यात शंभरातले 85-90 भाग पाणी असतं. किलोभर मक्यात कोरडा भाग साधारण 900 ग्रॅम. मोड फुटताना दाण्यातलं पिष्ट जळतं, म्हणजे आठ दिवसांनी त्याहून कमीच हाती येतं. वर वीज, ट्रे, रोजची मजुरी. तोच मका भरडून घाला आणि पोट भरायला मालदांडी ज्वारीचा कडबा कुट्टी करून. आमच्या काळ्या रानात ज्वारी पावसाळ्यानंतरच्या ओलीवर येते, तिला फॉगर लागत नाही.

पंढरपूरहून: मला विकणाऱ्याने पोषणद्रव्याचं द्रावणही गळ्यात मारलं. ते नसेल तर चारा येतच नाही म्हणाला. खरंय का?

सांगोलेकर: नाही ताई. सात-आठ दिवसांचं रोप दाण्यातल्या साठ्यावरच वाढतं, साधं स्वच्छ पाणी पुरतं. जपायचं ते बुरशीला. ट्रे दर खेपेला धुवून उन्हात घाला, फुटके दाणे आधी निवडून काढा, आणि काळी-पांढरी बुरशी दिसली तर तो ट्रे जनावरापुढे टाकूच नका. आणखी एक, पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं चुकूनही घेऊ नका. विषबाधा होते.

मंगळवेढेकर, कोरड्या भागाचा तुमचा हिशेब मला मान्य आहे. हा चारा कडब्याच्या जागी चालणार नाही, नुसत्या त्याच्यावर जनावराचं पोट भरत नाही. पण एप्रिल-मे मध्ये नुसता कडबा खाणाऱ्या म्हशीला हिरवं काहीच मिळत नाही. अ जीवनसत्त्व भरड्यातून तेवढं मिळतं का? मी म्हशीला दिवसाला आठ किलो देतो, कुट्टीत कालवून. आता ती कुट्टी उष्टी ठेवत नाही.

करमाळकर: हिरव्याचीच अडचण असेल तर मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, का नाही? खरिपातला मका दाणा चिकात असताना कापा, कुट्टी करा, बॅगेत दाबून हवा काढा. 45 दिवसांत तयार, उन्हाळाभर पुरतो. पाऊस पडतो तेव्हाच पाणी साठवल्यासारखं आहे हे.

सांगोलेकर: ज्याचा खरीप येतो त्याला हे जमेल. आमच्याकडे गेल्या खेपेला मका गुडघ्याएवढा होऊन करपला.

मंगळवेढ्याचा शेतकरी: मग विकतचा मका आणून मोड काढताय, तो खर्च दुधात निघतो का तेवढं सांगा. पंधरा दिवस दोन म्हशींना चारा, दोन म्हशींना तेवढ्याच मक्याचा भरडा. दूध मोजून लिहा.

सांगोलेकर: सोमवारपासून मोजतो. एकाच वेताच्या चार आहेत.