हायब्रिड ऑटोफ्लॉवर गांजा म्हणजे नक्की काय? बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा आहे

बाल्कनीवाला: नमस्कार मंडळी, मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो, इथे १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. बिया आणल्यात, पाकिटावर ‘हायब्रिड ऑटो’ आणि खाली इंडिका, सॅटिव्हा, रुडरॅलिस. पहिली दोन ऐकलीत, हे तिसरं काय? आणि बाल्कनीत रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड येतो, मित्र म्हणतो फुलंच येणार नाहीत, खरंय का?

शेतकीची पोर: साध्या जातीसाठी खरंय. गांजा शेवंतीसारखाच, रात्र मोठी झाली की फुलावर येतो. आपल्याकडे शेवंतीवाले रात्री बल्ब लावून फुलं लांबवतात ना, अगदी तेच तुमच्या दिव्याने होईल. रुडरॅलिस मात्र रशियाकडची रानटी जात, १९२४ मध्ये यानिशेव्हस्की नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. तिकडे उन्हाळा एवढासा, रात्र वाढायची वाट बघत बसली तर बी धरायच्या आतच थंडी, म्हणून ती वयावर फुलते. तो गुण संकरातून आणला की झालं ऑटो. दिव्याचं टेन्शन सोडा.

बर्लिनकर: माझे दोन हंगाम झालेत. उगवल्यावर चौथ्या आठवड्यात पेरापाशी पांढरे केस (फुलाची पहिली खूण) दिसले, काढणी ७८व्या दिवशी, उंची मांडीपर्यंत. पण दादा, याचं घड्याळ थांबत नाही. पहिल्या वर्षी मी कपात रोप केलं, कुंडीत हलवताना मुळं दुखावली, आठवडाभर तसंच बसून राहिलं आणि मग त्या वीतभर रोपालाच फुलं धरली, एवढं वाईट वाटलं. साध्या जातीला सावरायला वेळ देता येतो, इथे नाही. बी थेट मोठ्या कुंडीत टाका, शेंडा खुडू नका. मेमध्ये थंडी सरल्यावर लावलं की ऑगस्टमध्ये मोकळे, साधी जात ऑक्टोबरपर्यंत रेंगाळते आणि इथल्या पावसात फुलोऱ्याला आतून बुरशी लागते.

बाल्कनीवाला: फांदी लावून दुसरं झाड करता येईल का? की बी धरू?

शेतकीची पोर: फांदीचं वय आईएवढंच, ती लगेच फुलणार, हाती काही लागत नाही. बी धरायचं तर ऑटो आणि ऑटोचंच. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो; साध्या जातीशी संकर केला तर पहिल्या पिढीत सहसा एकही ऑटो निघत नाही, दुसऱ्या पिढीत चारात एक. आणि इंडिका-सॅटिव्हाच्या टक्क्यांवर फार जाऊ नका, नशा किती ते टीएचसीवर, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्यावर ठरतं.

पुणेकर: टेरेसवर जमेल का हो आपल्याकडे?

बर्लिनकर: नको रे बाबा. भारतात १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे, लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, ऑटो असो की साधा.

बाल्कनीवाला: धन्यवाद दोघांनाही. तीन वर्षांची लेक आहे, झाडं मुलांच्या हाती लागता कामा नयेत असं इथला कायदाही सांगतो, म्हणून आधी बाल्कनीच्या दाराला वर कडी बसवतो, मग बी.