भिशीचे उरलेले पैसे युद्ध आणि उपासमारीत अडकलेल्या कुटुंबांना पाठवायचेत. कुठे आणि कसे?

कळंब्याची_काकू
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत आमची बायकांची भिशी आहे. यंदा सहल रद्द झाली, त्यामुळे साठेक हजार शिल्लक आहेत. हॉटेलात जाऊन तांबडा-पांढरा ओरपण्यापेक्षा गाझा किंवा सुदानमधल्या घरांना द्यावेत असं बहुतेकींचं मत पडलं. तिथून पुढे गाडं अडलंय. एक म्हणते पैसे नकोत, घरोघरचे चांगले कपडे नि बिस्किटांचे बॉक्स गोळा करूया. दुसरी म्हणते शेजारच्या मंडळाच्या ट्रस्टमधून पाठवू, पावती तरी मिळेल. तिसरीनं व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड ग्रुपवर टाकलाय आणि रोज विचारतीय, "केलं का?" कुणी असं काही केलंय का? राजकारणावर वाद नको, हात जोडते.

कृष्णाकाठचा
काकू, कपड्याचं डोक्यातनं काढाच. २०१९ च्या महापुरात आमचं शिरोळ तालुक्यातलं गाव पाण्यात हुतं. पाणी उतरल्यावर बघतोय तर शाळेच्या व्हरांड्यात कपड्याचा डोंगर. त्यात लग्नातली शेरवानी काय, चेन तुटलेल्या जीन्स काय, एकाच पायातला बूट काय! दोन पावसात भिजून वास सुटला, मग ट्रॅक्टर लावून ते बाहेर काढायचं कामबी आमच्याच गळ्यात. आमाला पायजे हुतं फिनेल, फावडी, प्यायचं पाणी, जनावरास्नी वैरण. बायकांना पॅड पायजे हुते, पण त्या बिचाऱ्या सांगणार कुणाला? दोन तासाच्या अंतरावरनं आलेल्या मदतीची ही तऱ्हा, तर सुदानला काय पोचणार?

लेखापाल_शाहूपुरी
वर सांगितलंय ते शंभर टक्के. आता पैशाचं.

ट्रस्टचा मार्ग बंद समजा. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची जी उदारीकृत योजना आहे ती व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टला ती लागू नाही. शिवाय धर्मादाय ट्रस्टला भारताबाहेर खर्च करायचा तर प्राप्तिकर खात्याच्या वेगळ्या मंजुरीचा प्रश्न येतो. मंडळाच्या ऑडिटमध्ये पुढे नसती डोकेदुखी.

व्यक्ती म्हणून मात्र वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात देणगीही बसते. तेव्हा प्रत्येकीनं आपापला वाटा आपापल्या खात्यातून, संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन द्यावा. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जीची, म्हणजे प्राप्तिकरातली, सवलत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जी तसंही विसरा. साठ हजार बारा-पंधरा जणींत वाटले तर सवलतीतून वाचणार ते काय? त्याच्यासाठी चुकीची संस्था निवडू नका.

आणि तो क्यूआर कोड आजच डिलीट करायला लावा. कुठेही भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी असे कोड फिरायला लागतात, त्यामागे खातं कुणाचं हे कुणालाच ठाऊक नसतं.

पोषण_सिस्टर
मी कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात काम केलंय, म्हणून पैसा तिकडे पोचल्यावर काय होतं तेवढं सांगते.

मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की काटा लाल पट्ट्यात, म्हणजे तीव्र कुपोषण, जिवाला धोका. अशा मुलाला डाळभात भरवून भागत नाही. त्याला शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घातलेलं पाकीट देतात. ९२ ग्रॅमचं पाकीट, साधारण ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणीही मिसळायला नको. पाणीच दूषित असतं तिथे ही फार मोठी गोष्ट. कोपरा फाडायचा, मूल चोखत खातं. दिवसाला दोन-तीन अशी सहा ते आठ आठवडे दिली की बहुतेक मुलं सावरतात. दीडशे पाकिटांचा एक खोका म्हणजे ढोबळमानाने एका मुलाचा पूर्ण उपचार.

युनिसेफ ही पाकिटं मोठ्या प्रमाणावर विकत घेते. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सची केंद्रं रुग्णालय आणि उपचार बघतात. जागतिक अन्न कार्यक्रम घरांना धान्य किंवा रोख देतो, त्यांचं शेअर द मील हे ॲपही आहे. बाजारात माल असेल तिथे रोखच बरी, आई स्वतःच ठरवते तेल घ्यायचं की औषध.

सुदानचा विचार जरूर करा. तिथलं युद्ध १५ एप्रिल २०२३ ला सुरू झालं, ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत अन्नाचा दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला, तरी आपल्या टीव्हीवर त्याचं नाव क्वचितच.

रंकाळा_वारा
सगळं मान्य, पण आपल्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ च्या पुरात शेतातली माती वाहून गेली. आधी घरचं बघा की! परदेशाचं त्यांचं ते बघतील.

जुनी_पेठ
वारा, तुमच्या घरचे कपडे आपल्या गांधीनगरच्या बाजारातनंच येत असतील. आज तो बाजार आहे तिथे वळिवड्याची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली. ती गेली आणि फाळणीतले सिंधी निर्वासित आले. वॉर्सात आजही कोल्हापूरच्या नावानं स्मारक उभं आहे. तेव्हा "त्यांचं ते बघतील" असं आपल्याच गावानं म्हटलं नव्हतं. मराठवाड्यालाही द्या की, कोण अडवतंय? त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे, ८०जी पण मिळतं.

कळंब्याची_काकू
खूप आभार सगळ्यांचे. सिस्टरचं वाचून दाखवलं, बिस्किटवाली गप्प झाली. एकच शंका राहिली: "फक्त गाझासाठी" असं लिहून देता येतं का? निम्म्या बायकांचा तोच आग्रह आहे.

पोषण_सिस्टर
काही ठिकाणी तसा पर्याय असतो. पण माझं ऐकाल तर "तातडीची मदत, जिथे गरज तिथे" असंच निवडा. २००४ च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सकडे इतके पैसे आले की त्यांनी त्सुनामीसाठी देणग्या घेणं थांबवलं आणि आधी दिलेल्यांना विचारलं, हे दुसऱ्या संकटात वापरू का? नावानिशी बांधलेला पैसा सीमेवरचे नाके बंद असले की अडकून पडतो. बायका ऐकतच नसतील तर निम्मे गाझाला, निम्मे मोकळे ठेवा.

लेखापाल_शाहूपुरी
बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, नवीन कार्डांवर ते बंदच असतात. पैसे गेले की परत बंद करा. देणगीच्या पानावर दरमहा वजावटीच्या चौकटीत कधीकधी आधीच टिक असते, ती काढा, नाहीतर पुढच्या महिन्यात मला फोन येईल. पावतीचा ईमेल प्रत्येकीनं जपून ठेवा.

कळंब्याची_काकू
त्या टिकचं बरं सांगितलंत, आमच्यातल्या दोघी तरी नक्की फसल्या असत्या. शुक्रवारी भिशी आहे, तिथेच सगळ्यांची कार्डं काढून बसतो.

कृष्णाकाठचा
काकू, आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोक्याच्या ४३ फुटाला टेकलं की आमच्याकडं बी एक चक्कर टाका. फिनेल घेऊन!