व्हर्च्युअल टूरमध्ये भिंतीवरची ओल दाखवायची की पुसायची?

कॅमेरा_कर्वेनगर

गेली सहा वर्षं पुण्यात रिसेलच्या आणि भाड्याच्या फ्लॅटच्या ३६० अंशांच्या टूर करतोय, म्हणजे स्क्रीनवर घर चारही बाजूंनी फिरून बघता येतं अशा. मागच्या आठवड्यात एका कामावरून वाद झाला, तो इथे मांडतो.

वारज्यातला टू बीएचके, तिसरा मजला. मास्टर बेडरूमच्या खिडकीखाली हातभर ओल. पोपडे निघालेले, त्यावर कुणीतरी पांढरा हात मारलेला आणि तोही पिवळा पडलेला. मालक म्हणाले, "तेवढं कॉम्प्युटरवर साफ करून टाका." मी म्हणालो, "काका, ट्रायपॉडचे पाय पुसतो, आरशात दिसणारा कॅमेरा पुसतो, घरच्यांचे फोटो आणि कपाटावरची मुलांची नावं धूसर करतो. भिंत नाही पुसणार." काम गेलं. अडीच हजारांचं होतं.

माझं म्हणणं असं आहे की गिऱ्हाईक टूर बघतं ते फेऱ्या वाचवायला. रविवारी आठ घरं हिंडण्याऐवजी तीनच बघावीत म्हणून. ती तीन घरं टूरमध्ये दिसली तशी निघाली नाहीत, तर त्याचा रविवार वाया, एजंटचाही वाया, आणि पुढच्या वेळी माझी लिंक कुणी उघडत नाही. मग कॅमेरा कितीही भारी असला तरी काय उपयोग?

खोली मोठी दाखवण्याचा खेळही तसाच. नव्या मुलांना वाटतं तो लेन्सचा गुण. ३६० फोटोत सगळी खोली असतेच, पण टूर उघडल्यावर पडद्यावर किती अंशांचा भाग दिसावा हे आपण ठरवतो. ११० ठेवलं की १० बाय ११ ची बेडरूम हॉल वाटायला लागते आणि कडेचा पलंग ताणल्यासारखा दिसतो. मी ८० वर बसवतो. कॅमेरा साधारण १.४ मीटरवर. आणखी खाली घेतला की छत उगाच उंच भासतं.

कोणता कॅमेरा, हे नेहमी विचारतात म्हणून सांगतो. माझा रिको थीटा झेडवन, २०१९ चं मॉडेल, दोन एक-इंची सेन्सर, २३ मेगापिक्सेलचा फोटो. नंतर आलेला थीटा एक्स ६० मेगापिक्सेल देतो, तरी अंधाऱ्या पॅसेजमध्ये मला झेडवनच स्वच्छ वाटतो.

तुमचं काय मत? ओल पुसायला हवी होती का?

प्रोजेक्ट_मार्केटिंग_बाणेर

अजिबात पटलं नाही. घर विकायला काढलं की माणूस रंग देतोच ना? कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही. तुम्ही तोच रंग स्क्रीनवर दिला असता, एवढंच. मी बारा वर्षं नव्या प्रकल्पांचं मार्केटिंग करतोय. रिकामा, पिवळट ट्यूबलाइटमधला फ्लॅट टूरमध्ये टाकला तर माणूस पहिल्या खोलीतूनच परत जातो. सोफा, पडदे, झाड टाकून सजवलेला टाकला तर किचनपर्यंत येतो, आणि किचनपर्यंत आला की फोन करतो. आपलं काम त्याला दारापर्यंत आणणं. पुढचं तो बघेल, त्याचे डोळे आहेत.

शिवाय पैसे मालक देतो. त्याच्या घराची उणीदुणी आपण का उगाळायची?

कॅमेरा_कर्वेनगर

रंग दिला तर तो भिंतीवर असतो हो. गिऱ्हाईक आलं की त्याला तोच रंग दिसतो. स्क्रीनवर पुसलेली ओल मात्र तिथेच बसलेली असते. फरक एवढाच, पण माझ्या दृष्टीने सगळा धंदा त्यावर उभा आहे.

सजावटीला माझी ना नाही, वस्तू खऱ्या मापाच्या असतील तर. डबल बेड सव्वासहा फूट लांब असतो. पाच फुटी पलंग टाकून बाजूला ऐसपैस जागा दाखवलेल्या टूर मी बघितल्या आहेत.

जुना_ट्रायपॉड

दोघांच्याही मधला मुद्दा राहतोय. खरं दाखवायचं म्हणता, पण तुमच्या दोन लेन्सच्या, एका क्लिकच्या कॅमेऱ्यात खरं दिसतं तरी का? ती ओल त्यात फार तर सावलीसारखी येईल. पोपडे दिसणार नाहीत.

मी अजून डीएसएलआर, ८ मिलिमीटर फिशआय (खूप रुंद दिसणारी गोल लेन्स) आणि पॅनोरमा हेड (ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवायचा सांगाडा) वापरतो. चारही बाजूंना एकेक आणि एक वर, प्रत्येक जागी कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो, नाहीतर खिडकी पांढरीफटक होते. हेडवर लेन्स अशी बसवावी लागते की कॅमेरा फिरवताना जवळची आणि दूरची वस्तू एकमेकींवरून सरकू नयेत. ते जमलं की पीटीगुई या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोड दिसत नाही. आपल्याकडच्या ४ बाय ७ च्या बाथरूममध्ये दोन लेन्सच्या कॅमेऱ्याने काढून बघा. भिंत इतकी जवळ असते की टाइल्सची रेघ जोडावर तुटते. मला ती तुटलेली रेघ बघवत नाही.

कॅमेरा_कर्वेनगर

दादा, तुमचं काम मी बघितलंय, हात जोडतो. पण त्या पद्धतीने टू बीएचकेला तीन तास लागतात. अडीच हजारांत तीन तास, वर घरी बसून जोडकाम, हे गणित बसत नाही. मी पाऊण तासात बाहेर पडतो. टाइल्सचं म्हणाल तर बाथरूममध्ये जोड दरवाज्याच्या बाजूला फिरवून ठेवतो आणि ओलीसारख्या गोष्टीचा मोबाइलवर जवळून साधा फोटो काढून टूरमध्ये ठिपका म्हणून लावतो. दाबलं की उघडतो. तो ठिपका बघूनच मालक चिडले होते.

एजंट_सिंहगड_रोड

तुम्ही सगळे कॅमेऱ्यावर बोलताय. आम्ही टूर का घेत नाही ते कुणीच विचारलं नाही.

मी एकदा करून घेतली. छान झाली. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली, चार जणांनी पुढे पाठवली. बाल्कनीच्या दृश्यात समोरच्या इमारतीवरचा दवाखान्याचा बोर्ड स्पष्ट वाचता येत होता. एका गिऱ्हाइकाने तो बोर्ड मॅपवर शोधला, सोसायटीत गेलं, वॉचमनला विचारून मालकाचा फ्लॅट नंबर काढला आणि परस्पर भाडेकरार केला. भाड्याच्या कामात आम्हाला मिळतं एक महिन्याचं भाडं. ते गेलं. तुमचे पैसे मात्र मी आधीच देऊन बसलो होतो.

ओल दाखवा नाहीतर लपवा, आधी आमचं पोट सांभाळा. घर सगळं दिसलं, तर मला कोण विचारणार?

दुबईहून_शोधतेय

एजंट साहेब, तुमची अडचण कळते. आता आमची ऐका.

नवऱ्याची नोकरी इथे, सासूबाई पुण्यात एकट्या. त्यांच्यासाठी लिफ्ट असलेला फ्लॅट शोधतोय. गेल्या वर्षी एक टूर बघून इतका आवडला की टोकन द्यायच्या बेतात होतो. हॉलमध्ये एल आकाराचा सोफा टाकलेला, बाल्कनीत संध्याकाळचा केशरी उजेड. सासूबाई म्हणाल्या, मी जाऊन येते. त्या टेप घेऊन गेल्या. तो सोफा ठेवला असता तर बाल्कनीचं दार उघडलंच नसतं. आणि बाल्कनीसमोर आठ फुटांवर दुसऱ्या विंगची भिंत. टूरमध्ये बाल्कनीच्या दारापर्यंतच नेलं होतं, बाहेर पाऊलच ठेवू दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक टूरमध्ये आधी बघते की कुठे जाऊ देत नाहीत. बाथरूम नाही, ड्राय बाल्कनी नाही, म्हणजे काहीतरी आहे. मला ओल दाखवणारा माणूस हवाय. ओल दुरुस्त होते, तेवढे पैसे कमी करून मागता येतात. फसवलं गेलोय असं वाटलं की मी त्या एजंटचा फोनच उचलत नाही. तुमचं कमिशन मी आनंदाने देईन, पण मला विमानाचं तिकीट वाचवून द्या.

सिव्हिल_नाशिक

एक तांत्रिक गोष्ट, कारण मापाचा विषय निघालाय. मॅटरपोर्ट प्रो३ सारखे लायडार (लेझरने अंतर मोजणारे) कॅमेरे १० मीटरवर २० मिलिमीटरच्या आत अचूकता देतात आणि प्लॅन आपोआप काढतात. ते माप चांगलंच असतं, पण त्याला कार्पेट एरिया म्हणून छापू नका. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, शाफ्ट (पाइपांची पोकळी) आणि बाल्कनी वगळली जाते. स्कॅनरला फक्त भिंतीपासून भिंतीपर्यंतची मोकळी जागा दिसते. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. खोलीवार लांबी-रुंदी द्या, बस.

बाणेरच्या भाऊंना आणखी एक. नव्या प्रकल्पात 'पुढचं तो बघेल' चालत नाही. रेरा कायद्याचं कलम १२ जाहिरात, माहितीपत्रक आणि नमुना फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीबद्दलच आहे. तीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासह परत करायचे.

प्रोजेक्ट_मार्केटिंग_बाणेर

कलम १२ माहीत आहे. म्हणून आमच्या प्रत्येक टूरवर 'कल्पनाचित्र' असं लिहितो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) क्यूआर कोडही जाहिरातीत टाकतोच. पण वारज्याचा फ्लॅट रिसेलचा होता, तिथे हे कलम आणून काय उपयोग? तो तर मालकाचा आणि घेणाऱ्याचा व्यवहार.

दुबईच्या ताईंचं मात्र पटतं. सोफा मापाचा नव्हता तर ती सजावट करणाऱ्याची सरळ चूक. आमच्याकडे मी यापुढे प्लॅनवर मोजूनच वस्तू टाकायला सांगेन. पण भिंत स्वच्छ करण्यात मला अजून गैर वाटत नाही. डाग पहिल्या नजरेत बसला की घराचं बाकी चांगलंही दिसत नाही.

सॅन_होजेचा_मराठी

इथलं सांगतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून नियम आलाय: विक्रीच्या जाहिरातीत चित्र डिजिटली बदललं असेल तर एजंटने तसं स्पष्ट लिहायचं आणि मूळ चित्र बघायची सोय द्यायची. उजेड, रंगाचा तोल, सरळ करणं, कापणं यांना सूट. फर्निचर टाकलं, भिंत बदलली, खिडकीबाहेरचं दृश्य बदललं, तर सांगायलाच हवं. आपल्याकडे नियमाची वाट कशाला बघायची? सजवलेलं आणि मूळ, दोन्ही शेजारी ठेवा.

जुना_ट्रायपॉड

आणि टूर ठेवायची कुठे तेही बोला. मी काही वर्षं दुकानांच्या टूर गूगल स्ट्रीट व्ह्यूवर टाकून देत होतो. मार्च २०२३ मध्ये त्यांनी स्ट्रीट व्ह्यूचं ॲपच बंद केलं. भाड्याच्या होस्टिंगवर वर्गणी थांबली की टूर थांबते, आणि गिऱ्हाईक विचारतं, मी पैसे दिले होते ना? आता पॅनेलम हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतो.

कॅमेरा_कर्वेनगर

मीही पॅनेलमच वापरतो, आणि एजंट साहेब, तुमच्या दुखण्यावर औषध तिथेच आहे. टूर माझ्या सर्व्हरवर असली की प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी लिंक देता येते, तीन दिवसांनी बंद होणारी. कोणी किती वेळा उघडली ते तुम्हाला दिसतं. बाल्कनी दाखवायची, पण बोर्ड, इमारतीचं नाव, गाड्यांचे नंबर धूसर करायचे. समोरची भिंत किती जवळ आहे ते घेणाऱ्याला कळलंच पाहिजे. दवाखान्याचं नाव कळायची गरज नाही. पत्ता तुम्ही भेट ठरल्यावर द्यायचा.

मी चुकलो ते हे, की इतकी वर्षं एजंटांना कॅमेरा किती भारी आहे तेच सांगत बसलो. हे सांगायला हवं होतं.

ओलीबद्दल मत तेच आहे. बाणेरच्या भाऊंना सुचवतो: मालकाला आधी भिंत खरी दुरुस्त करू दे. वॉटरप्रूफिंग करून घेतलं तर मी परत जाऊन ती खोली फुकट काढून देतो.

एजंट_सिंहगड_रोड

वेगळी लिंक आणि तीन दिवस, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. आनंदनगरला एक वन बीएचके आहे, भाड्याचा. बाथरूम लहान आहे आणि किचनच्या सिंकखाली बुरशी आहे. मालकिणीला विचारतो. तिने हो म्हटलं तर बुरशीसकट काढा. शनिवारी सकाळी जमेल का? दुपारी पाणी नसतं, सोसायटीचे लोक टँकरपाशी असतात, गर्दी दिसेल.

कॅमेरा_कर्वेनगर

शनिवारी साडेआठला येतो. मालकिणीला फक्त एवढं सांगा, पंखे बंद ठेवा आणि सगळे दिवे एकाच रंगाचे लावा.