कॉम्रेड्स : बिल रोवनचा हट्ट धरावा की ब्राँझ पुरे?

पायवाट : दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रामॅरेथॉनची पुढची अप रन (चढाच्या दिशेची शर्यत) करायची आहे. डर्बन ते पीटरमारित्झबर्ग, साधारण 87 किमी. सपाटीवरची मॅरेथॉन 4 तास 10 मिनिटं. ग्रुपमध्ये एकाला 9 तासांच्या आतलं बिल रोवन मेडलच हवंय, दुसरा म्हणतो 12 तासांत पोचलो तरी गंगेत घोडं न्हालं. कोणतं मेडल डोळ्यासमोर ठेवून सराव करावा?

घाटकरी : आधी गणित. सोनं पहिल्या दहा पुरुषांना आणि दहा महिलांना, ते सोडून द्या. 7:30च्या आत पुरुषांना सिल्व्हर, 9 तासांत बिल रोवन, 10मध्ये रॉबर्ट म्त्शाली, 11मध्ये ब्राँझ, 12मध्ये विक क्लॅफम. अप रनला मॅरेथॉनची वेळ गुणिले अडीच हा ठोकताळा. तुमचे होतात 10:25, म्हणजे ब्राँझ. बिल रोवनला किलोमीटरमागे 6:12 मिनिटांचा पेस लागतो, तोही पाण्याचे थांबे धरून. मॅरेथॉन 3:35च्या आसपास येईपर्यंत त्या नादी लागू नका.

सावकाश_चला : गणित बरोबर, पण माणसं फसतात ती चढांवर. काउईज, फील्ड्स आणि बोथाज हे तिन्ही ड्रमंडच्या, म्हणजे अर्ध्या वाटेच्या, आधीच येतात. तिथे पाय ताजे असतात, आजूबाजूचे पळत असतात, चालायची लाज वाटते. त्याची किंमत पुढे इंचांगाच्या चढाला द्यावी लागते, आणि उरलीसुरली शेवटच्या 10 किमीतल्या पॉली शॉर्ट्सला. पहिल्या चढापासूनच ठरवून चाला : 4 मिनिटं धाव, 1 मिनिट झपझप चाल. सातारचा यवतेश्वर घाट याच्या तालमीला उत्तम. पाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांतून मिळतं, कोपरा दाताने फोडायचा. प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. तहान लागेल तेवढंच.

हिरवा_नंबर : एक मुद्दा राहिला. वेळ सुरुवातीच्या बंदुकीच्या बारापासून मोजतात, तुम्ही रेषा ओलांडल्यापासून नाही. मागच्या बॅचमध्ये (सुरुवातीच्या गटात) उभे असाल तर काही मिनिटं तिथेच जातात. बॅच मिळते ती पात्रतेसाठी धावलेल्या मॅरेथॉनच्या वेळेवरून, म्हणून ती मॅरेथॉन नुसती उरकू नका. 12 तासांचा बार झाला की रेषा बंद. एक पाऊल कमी पडलं तरी मेडल नाही. आणि सगळ्यांना वेळच हवी असते असंही नाही. काहींचा जीव दहा वेळा पूर्ण करून हिरवा नंबर, म्हणजे कायमचा स्वतःचा धावक क्रमांक, मिळवण्यात असतो. पहिली दोन वर्षं लागोपाठ पूर्ण केलीत तर दुसऱ्या वर्षी बॅक टू बॅकचं वेगळं मेडल मिळतं, आणि ही संधी एकदाच. ते हवं असेल तर पहिल्या वर्षी गुडघे पणाला लावू नका.