विषय: उत्तर: उत्तर: रविवारची बस, ॲडव्हान्स गुरुवारपर्यंत

प्रेषक: आबा, वाकड
मंडळी, पुण्यातल्या आपल्या कोल्हापूरकरांपैकी रविवारी फुटबॉलच्या फायनलला कोल्हापूरला कोण कोण येणार, शेवटचं विचारतोय. बसवाल्याला गुरुवारी संध्याकाळपर्यंत 10,000 पाहिजेत, नाहीतर तो गाडी लग्नाला देतोय. दुसरी सेमी शुक्रवारी. म्हणजे फायनलला कोण हे कळायच्या आत आपल्याला गाडी ठरवायची आहे. 44 सीट, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता धरून 28,000. 40 जण आले तर डोई 700. आत्तापर्यंत नावं 9, त्यातली 4 माझ्याच घरातली. "बघतो", "कळवतो", "आमचं ठरलं की सांगतो" ही नावं नव्हेत. सकाळी 7 ला वाकड, साडेसातला चांदणी चौक, पावणेआठला नवले पूल. मॅच 4 ला आहे, पण रस्त्याच्या कामात किती वेळ मोडतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

प्रेषक: पेठकर, वारजे
आबा, राग मानू नका. आमच्या तालमीची टीम शुक्रवारी हरली तर रविवारी मी शाहू स्टेडियमवर काय करू? दुसऱ्यांच्या गोलला टाळ्या वाजवू? बसवाल्याला शुक्रवारी रात्री 8 पर्यंत थांबवा. तुमच्या शब्दाला मान आहे त्याच्याकडं.

प्रेषक: खजिनदार
मान मागच्या वर्षीच संपला. 41 नावं होती आणि सगळ्यांचं एकच, "पैसे बसमध्ये देतो". सेमीचा निकाल लागला आणि रविवारी सकाळी पुलाखाली 17 माणसं. गाडी 25,500 ची. डोई 1,500 मागायला मला तोंड नव्हतं, 700 च घेतले. 11,900 जमले, वरचे 13,600 गणपतीच्या शिलकीतनं गेले. त्यावर सभेत मला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही, ऐकवणारे याच यादीवर आहेत. यंदा पैसे आधी, नाव नंतर.

प्रेषक: धाकटा (सध्या लेस्टर)
पुणं सोडून 3 वर्षं झाली तरी मेल वाचतोय, म्हणून लिहितो. इथं प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या टीमच्या लोकांना 3,000 नाहीतर मैदानाच्या 10 टक्के, यातलं जे कमी असेल तेवढी तिकिटं मिळतात. 2016 पासून त्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा आहे. ती तिकिटं पहिली कुणाला? बरेच क्लब बाहेरगावच्या मॅचना जो जास्त गेलाय त्याला पॉइंट देतात. आपणही मागच्या वर्षीच्या त्या 17 जणांना पहिला हक्क द्यावा.

प्रेषक: पेठकर, वारजे
भावा, तिकडं माणसं जास्त आणि सीट कमी. इथं सीट 44 आणि माणसं 9. पहिला हक्क घेऊन कुणी काय करायचं?

प्रेषक: मामा, कात्रज
बसचं झेंगट कशाला? सगळ्या मॅच यूट्यूबवर लाइव्ह असतात. हॉल घ्या, मोठा पडदा लावा, मिसळ सांगा. 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला तेव्हा घेतलाच होता की हॉल. भारत तिन्ही मॅच हरला तरी खुर्ची रिकामी नव्हती.

प्रेषक: दादा, बाणेर
मामा, "आपला" ठीक, पण अनिकेत इथं बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. श्रेय पुण्यालाही द्या थोडं.

प्रेषक: मामा, कात्रज
पोरगं पुण्यात आलं तेव्हा त्याला बॉल कुठला ते दाखवावं लागलं नव्हतं.

प्रेषक: आबा, वाकड
बस. बसबद्दल लिहा.

प्रेषक: वहिनी, हडपसर
हॉलचं नाव काढू नका. गेल्या लीगला मी घरी लाइव्ह बघत होतो. आमच्या टीमचा पोरगा नुसता पेनल्टीला बॉल ठेवतोय आणि तिकडनं भावाचा फोन, "बघितलंस काय, बाहेर मारला!" गोल गावात आधी होतो, आमच्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटानं.
आता बसचं. माझं आणि लेकीचं नाव घाला, 1,400 आत्ताच पाठवतो. माझी माहेरची तालीम गेली, सासरचीही गेली, आता जीवाला घोर नाही. आबा, तुम्ही चुकीच्या माणसांच्या मागं लागलायसा. ज्यांची सेमी अजून व्हायची आहे ते गुरुवारी पैसे देणारच नाहीत. वरिष्ठ गटात 16 टीम, सेमीला 4. उरलेल्या 12 टीमवाल्यांचा निकाल कधीच लागलाय. त्यांना गाठा. आपल्याला ज्यांनी हरवलं ते फायनलला हरताना बघायला माणूस पायी पण जाईल.

प्रेषक: खजिनदार
वहिनी, हे मागच्या वर्षी का नाही सांगितलं? वही काढून बघितली. त्या 17 जणांतले 14 आधीच बाहेर पडलेल्या तालमींचे होते.

प्रेषक: अण्णा, कोथरूड
सूचना चांगली, पण कोण कुठल्या तालमीचा ही यादी 2014 पासून माझ्याकडं आहे. परस्पर कुणी फोन करू नयेत. एफसी पुणे सिटीच्या मॅचना बालेवाडीला आपली माणसं न्यायचो तेव्हाही याच यादीवरनं. 2019 ला ती टीम बंद पडली, यादी नाही पडली. प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल या टीमवाल्यांना आज रात्री मी फोन करतो.

प्रेषक: दादा, बाणेर
येताना जिंकलेले आणि हरलेले एकाच गाडीत? किणी टोलच्या आत हाणामारी होईल.

प्रेषक: आबा, वाकड
हलगी डिकीत. गुलाल लागलेल्यानं मागच्या सीटवर बसायचं. झाला निकाल.

प्रेषक: आबा, वाकड (बुधवार रात्री)
अण्णांच्या फोनांनी 22 नावं वाढली. एकूण 33, सगळ्यांचे पैसे आले. ॲडव्हान्स दिला. 11 सीट शुक्रवारी रात्री 10 पर्यंत ठेवतो, पण त्या 900 च्या भावानं. निकाल बघून येणाऱ्यानं निकाल बघायचे पैसे द्यायचे.

प्रेषक: पेठकर, वारजे
हा अन्याय आहे. 700 आत्ता पाठवले. हरलो तर खिडकीशेजारी झोपून येणार, आणि जाताना साताऱ्यापर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही.

प्रेषक: नवीन सभासद, धनकवडी
नमस्कार, मेल आत्ताच बघितले. बस स्वारगेटला थांबणार काय?

प्रेषक: आबा, वाकड
नाही.