मोफत साधनं वापरून रेझ्युमे केलात? अनुभव सांगा

गेल्या महिन्यात भाचीचा रेझ्युमे करायला बसले. पहिलीच नोकरी, त्यामुळे लिहायला थोडं आणि सजवायची हौस दांडगी. दोन संध्याकाळी नुसते टेम्प्लेट बघण्यात गेल्या. शेवटी ते सगळं बंद केलं आणि तिला म्हटलं, "तू काय काय केलंस ते नुसतं बोल, मी टाइप करते." 'प्रोजेक्टमध्ये सहभाग' एवढीच ओळ तिने लिहिली होती. त्या ओळीमागून निघालं की चौघांच्या गटात चाचण्यांचं सगळं काम हिनेच ओढलं होतं आणि चुकांची यादीही हिनेच ठेवली होती. एवढं लिहिल्यावर गूगल डॉक्समधला साधासा टेम्प्लेटसुद्धा भरलेला दिसायला लागला.

तुम्ही काय वापरलंत? कुठे अडलात? नुसती साधनांची नावं नकोत, काय घडलं ते लिहा.

*

माझा रेझ्युमे कॅनव्हा या डिझाइन करायच्या संकेतस्थळावर केलेला होता. डावीकडे गडद पट्टा, त्यात फोटो, फोन-ईमेलची छोटी चिन्हं, कौशल्यांपुढे भरलेले-रिकामे गोल. देखणा होता, आजही म्हणेन. १७ ठिकाणी पाठवला, एकीकडूनही उत्तर नाही.

मग एका अर्जात रेझ्युमे अपलोड केला की रकाने आपोआप भरतात तशी सोय मिळाली. बघतो तर 'सध्याचं पद' या रकान्यात 'एक्सेल, पॉवरपॉइंट'! फोन नंबरचा रकाना रिकामा. तेव्हा पीडीएफ उघडली, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला. डाव्या पट्ट्यातल्या ओळी उजवीकडच्या नोकऱ्यांच्या मधोमध घुसल्या होत्या. एका कंपनीचं नाव दोन तुकड्यांत, मध्ये माझा ईमेल.

अर्जांची छाननी करणारं सॉफ्टवेअर, ज्याला एटीएस म्हणतात, ते फाइलमधून मजकूर उचलतं. पट्टे आणि गोल त्याच्या काही कामाचे नाहीत. मी कॅनव्हा सोडलं नाही, तिथलाच एका कॉलमचा टेम्प्लेट घेतला. डाउनलोड करताना 'फ्लॅटन पीडीएफ'वर खूण नाही ना, हे जरूर बघा. ती असेल तर पानाचं चित्र होतं आणि मजकूर सिलेक्टच होत नाही. पुढच्या अर्जांतून दोन फोन आले. सगळं श्रेय रचनेला देणार नाही, पण नोटपॅडची ती दोन मिनिटं आता मी कधीच चुकवत नाही.

*

एका संकेतस्थळावर पाऊण तास माहिती भरली. 'डाउनलोड' दाबल्यावर कार्डाचा नंबर मागितला. अर्ज त्याच रात्री जायचा होता, रडू यायचं बाकी होतं. पान उघडं ठेवून एकेका चौकटीतला मजकूर उचलला. नंतर युरोपासवर गेले. ती रेझ्युमे बनवायची युरोपीय संघाची सेवा आहे, कार्डाबिर्डाची भानगड नाही. मात्र रचना ठरावीक आहे आणि सगळे रकाने भरत बसलं तर पानं वाढतात. आता कुठेही आधी डाउनलोड होतंय का ते दोन ओळी भरून बघते.

*

मला दिसत नाही. संगणक मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर वापरतो, तोही मोफतच. मित्राने फार प्रेमाने एक रेझ्युमे करून दिला होता. ऐकला तर आधी कौशल्यं, मग पत्ता, मग शिक्षणाचं अर्धं वाक्य. लिबरऑफिस रायटरमध्ये नव्याने केला. विभागांच्या नावांना नुसतं ठळक न करता 'हेडिंग' स्टाइल लावली, टेक्स्ट बॉक्स एकही ठेवला नाही, पीडीएफ काढताना 'टॅग्ड पीडीएफ' निवडलं, म्हणजे हेडिंगची रचना फाइलमध्ये टिकते. आता 'एच' दाबत एका विभागावरून दुसऱ्यावर जाता येतं. डोळस लोकांनीही आपला रेझ्युमे एकदा मोठ्याने वाचून घेऊन ऐकावा, क्रम बिघडला असेल तर लगेच कळतो.

*

मी उमेदवार निवडणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. 'एक्सेल ८० टक्के' यावरून मला काहीच कळत नाही. 'महिन्याचा अहवाल दोन दिवसांऐवजी तीन तासांत व्हावा म्हणून शीट बांधली' हे कळतं. आणि कृपा करून फाइलला स्वतःचं नाव द्या. 'फायनल २' नावाच्या फाइली माझ्याकडे ढिगाने येतात.

*

मुलांसाठी आठ वर्षं नोकरी सोडली होती. चॅटजीपीटीला माझ्या कामाच्या चार ओळी दिल्या. भाषा सफाईदार आली, पण त्यात 'खर्चात ३० टक्के बचत' असंही आलं. मी तो आकडा दिलाच नव्हता! मुलाखतीत त्यावर विचारलं असतं तर? तेव्हापासून उलटं करते. लिहायला सांगत नाही, 'या ओळीवर तू मला काय प्रश्न विचारशील?' एवढंच विचारते. उत्तरं माझी मी लिहिते. आठ वर्षांचा खंडही एका ओळीत सरळ लिहिला आहे.

*

माझं छोटंसंच, पण लागलेलं. गूगल डॉक्सची लिंक पाठवली होती आणि ती फक्त मलाच उघडत होती. परवानगी मागणारा मेल तीन दिवसांनी दिसला, तोवर जागा भरली होती. आता पीडीएफ जोडते, आणि पाठवण्याआधी स्वतःच्याच दुसऱ्या ईमेलवर पाठवून फोनवर उघडून बघते.