चर्चा: ‘एचआयव्ही किट’ फक्त पॉझिटिव्ह पेशंटलाच का?

ओटी सिस्टर, इंदूर
आमच्याकडे अजून हाच रिवाज आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की ती केस लिस्टमध्ये सगळ्यात शेवटी, आणि कपाटातून किट निघतं: चष्मा, प्लास्टिकचा एप्रन, बूट, डबल ग्लव्ज. दिवसभराची बाकी ऑपरेशनं ग्लव्जच्या एका जोडीवर. मला हे साफ चूक वाटतं. लागण ताजी असेल तर टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. शिवाय टोचलेल्या सुईतून एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण 0.3 टक्के, तर लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा 30 टक्क्यांपर्यंत. त्या पेशंटना कोण वेगळं काढतं?

जुना सर्जन
ताई, पोटात हात माझा असतो. पेल्व्हिसमध्ये, म्हणजे ओटीपोटात खोल, रक्तात काही दिसत नसताना बोटाच्या अंदाजाने टाका घ्यावा लागतो. पेशंट पॉझिटिव्ह आहे हे माहीत असलं तर मी शिकाऊ मुलाला समोर उभा करत नाही, टेबलाभोवती गर्दी होऊ देत नाही. ऑपरेशनआधी सगळ्यांची टेस्ट झालीच पाहिजे. आणि प्रत्येक केसला पूर्ण किट वापरलं तर छोट्या नर्सिंग होममध्ये तो खर्च पेशंटच्याच बिलात चढतो.

पेशंटचा भाऊ, राजवाडा
डॉक्टरसाहेब, टेस्टची सक्ती करून उपचार अडवता येत नाहीत. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, टेस्टला पेशंटची संमती लागते. माझ्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन रिपोर्ट बघितल्यावर पुढेच ढकलत राहिले. तो एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, नेमाने घेतो, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे. त्याच्यापासून असलेला धोका, ज्याला स्वतःलाच माहीत नाही अशा पेशंटपेक्षा कितीतरी कमी. तरी फाईलवर लाल शेरा मारलाच, वॉर्डबॉयपासून सगळ्यांनी वाचला.

जुना सर्जन
शेरा मारणं चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण उपचारासाठी गरज असेल तर उपचार करणाऱ्यांनी एकमेकांना सांगण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. मला तेवढंच हवंय.

ओटी सिस्टर, इंदूर
सर, तुम्हाला सांगितलं, मावशींचं काय? मध्यंतरी रात्री अपघाताची केस आली. रिपोर्ट नव्हता, म्हणून किटही निघालं नाही. केस संपल्यावर ड्रेप (पेशंटवर पांघरलेली कापडं) गोळा करताना आत राहिलेली सुई सफाईवाल्या मावशींच्या तळहातात गेली. त्या जखम दाबून दाबून रक्त काढत बसल्या. दाबायचं नसतं, साबण-पाण्याने धुवायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. एचआयव्हीची लागण टाळणारं औषध शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं असतं. रात्री त्या औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, हे शोधण्यातच वेळ गेला.
खर्चाचं म्हणाल तर सुई हातातून हातात न देता किडनी ट्रेमध्ये ठेवून द्यायला पैसे लागत नाहीत. ड्रेप उचलण्याआधी सुया मोजून पांढऱ्या डब्यात टाकायलाही नाहीत. चष्मा धुवून परत वापरता येतो. डबल ग्लव्ज लागतील, ते मान्य.

जुना सर्जन
ट्रेचं पटलं, उद्यापासून माझ्या टेबलवर करतो. डबल ग्लव्जने बारीक टाक्याला बोटाची जाणीव कमी होते, ते मात्र मी सरसकट घालणार नाही.

ओटी सिस्टर, इंदूर
सवयीने जाणीव परत येते, सर. बारीक टाक्याचं एक वेळ राहू द्या. पोट बंद करताना मोठी सुई असते, तिथे तरी घाला. आणि किल्ली कॅज्युअल्टीच्या सिस्टरकडे ठेवायला तुम्ही लेखी सांगा, आमचं कोणी ऐकत नाही.